वजा साठ

"ओला चमचासुद्धा मोजायचा, ओटिलिया. पाणी कुठून का आत जाईना, ते पाणीच असतं."

डायलिसिस केंद्रातल्या म्हाताऱ्या नर्सबाईंनी सहा वर्षांपूर्वी हे बजावलं होतं. त्या बाईंना जाऊनही आता तीन वर्षं झाली होती. पण ओटिलिया खुर्चीवरून उठली, तिनं गुडघे फरशीला टेकले आणि पलंगाच्या कडेला अडकवलेल्या, लघवी जमणाऱ्या पारदर्शक डबीतल्या रेघांच्या पातळीत डोळे आणले, तेव्हा तोच आवाज तिच्या कानाशी होता. वरून वाकून पाहिलं की माप चुकतं, हेही त्या बाईंनीच शिकवलं होतं.

डबीत तळाला गुलाबीसर पाणी साचलं होतं. पस्तीस. फार तर चाळीस.

पलंगावर तिचा नवरा वेन्डलिन डोळे मिटून पडला होता. काल संध्याकाळी सूप ताटात वाढलेलं असताना फोन आला. कुणीतरी अनोळखी माणूस गेला होता आणि त्याची एक किडनी वेन्डलिनला जुळत होती. शहरापर्यंतचा पंचाऐंशी मैलांचा बर्फाळ रस्ता ओटिलियानंच गाडी हाकत कापला. रात्रीतून ती किडनी त्याच्या पोटात उजव्या बाजूला, खाली, बसवून झाली. आता पहाटेचे सव्वासहा वाजत होते. ओटिलियाच्या आता लक्षात आलं, की आपल्या पायात वेन्डलिनचे बूट आहेत. काल घाईत चढवलेले. रात्रभर ती त्यातच वावरली होती आणि तिला ते सैलही लागले नव्हते.

पावणेसहाला केल्सी नावाच्या नर्सनं त्याच्या शिरेत इंजेक्शन दिलं होतं. पोर जेमतेम पंचविशीची. रात्रपाळीनं तिचे डोळे तांबारले होते, पण समजावून सांगताना तिनं घाई केली नाही.

"हे लघवी उतरवणारं औषध आहे. नवी किडनी जागी असेल तर ती याला उत्तर देईल. दोन तासांत दोनशे एमएल भरली, तर ती कामाला लागली असं धरायचं. कमी भरली, तर अजून झोपलीय. मग ती उठेपर्यंत डायलिसिसचं मशीन चालू ठेवावं लागेल."

"आणि उठलीच नाही तर?"

"बहुतेक उठतात, मिसेस फाइस्ट. कुणी दोन आठवडे घेतं, कुणी सहा."

गेल्या चार वर्षांत वेन्डलिनला थेंबभरही लघवी झालेली नव्हती. जे काही डबीत येणार ते या नव्या पाहुण्याचंच. ओटिलियाला भीती वाटायला हवी होती, निदान आशा तरी. तिनं आत चाचपून पाहिलं, तर तिथं थंडीत फार वेळ उघड्या राहिलेल्या बोटांसारखं काहीतरी होतं. आपलंच, पण न कळणारं.

साडेसहाला मूत्राशयातल्या नळीतून लघवी येणं थांबलं. केल्सीनं पाहिलं, नळी दोन बोटांत धरून चाळवली, म्हणाली, "गुठळी अडकलीय." तिनं जाड सिरिंज आणली आणि तीस एमएल सलाइन हळूहळू नळीतून आत सोडलं. ओढून पाहिलं, काही आलं नाही. आणखी तीस सोडलं. वेन्डलिनच्या पायाची बोटं पांघरुणाखाली आखडली. मग काहीतरी सुटलं आणि नळी पुन्हा वाहायला लागली.

"साठ आत गेले," केल्सी स्वतःशी पुटपुटली. "ते डबीतच येतील, वजा करायचे." ती खिशात पेन शोधत होती, तेवढ्यात शेजारच्या खोलीतलं यंत्र बोंबलायला लागलं आणि ती धावली. नंतर सात वाजले. पाळी बदलली. केल्सी पुन्हा आली नाही.

दिवसपाळीची मार्लिस साठीची, थोराड, गालांवर हसू मुरलेलं. पावणेआठला ती गुडघ्यांवर हात ठेवून वाकली, डबी वाचली, पुन्हा वाचली.

"दोनशे तीस. तुम्ही कॅथलिक लोक लाच नक्की कुणाला देता, ते एकदा मला सांगा."

"लाच नाही," वेन्डलिन घोगऱ्या आवाजात म्हणाला. "नवस."

"आम्ही लुथरन नुसते कॉफी पितो आणि वाट बघतो. म्हणूनच आमचं काही होत नाही."

डॉक्टर हल्वरसन बाई आल्या. त्यांनी आकडा वाचला, पोटावरची पट्टी पाहिली आणि वेन्डलिनच्या खांद्यावर हात ठेवला. "किडनी जागी झालीय, मिस्टर फाइस्ट. आता हळूहळू पाणी प्यायला हरकत नाही."

वेन्डलिननं डोळे उघडले. तो डॉक्टरांकडे बराच वेळ पाहत राहिला. ओटिलियाकडे त्यानं पाहिलं नाही.

"टिली, फोन दे," तो म्हणाला. "पायसला लाव."

पायस शान हा त्यांचा शेजारी. शेजारी म्हणजे मधे दोन मैल शेत. बायको जाऊन आठ वर्षं झालेली, मुलं दूर किनाऱ्यावर. त्याच्या किडन्या गेल्या वर्षी बसल्या. गावच्या केंद्रात डायलिसिसच्या आठच खुर्च्या आणि आठही भरलेल्या, त्यांतली एक वेन्डलिनची. म्हणून एकाहत्तराव्या वर्षी तो आठवड्यातून तीनदा पंचाऐंशी मैल गाडी हाकत शहरात येत होता आणि मशीनवरून उतरल्यावर, डोकं गरगरत असताना, तेवढेच मैल परत. जानेवारीत त्याची गाडी घसरून खड्ड्यात गेली आणि वाऱ्यानं उडणाऱ्या बर्फात तो तीन तास तसाच बसून राहिला.

मागच्या रविवारी, मिस्साची प्रार्थना सुटल्यावर चर्चच्या तळघरात सगळे कॉफीला जमले असताना, कुणीतरी त्याला विचारलं की राखेचा बुधवार आला, तिथपासून ईस्टरपर्यंतच्या उपासकाळात यंदा काय सोडणार. दरवर्षी तो बीअर सोडायचा आणि ईस्टरच्या आधीच्या पाम रविवारच्या आत मोडायचा. पायसनं केकचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाला, "यंदा मशीन सोडतो." टेबल हसलं. वेन्डलिन हसला नाही. गाडीत बसल्यावर तो एवढंच म्हणाला, "तो थट्टा करत नव्हता."

मशीन सोडलेला माणूस दहा-बारा दिवसांच्या वर काढत नाही. हे त्या गाडीत दोघांनाही माहीत होतं.

फोन लागला. पायसचा आवाज नेहमीसारखा मोठा, खोलीभर ऐकू येणारा.

"काय रे, आहेस की गेलास?"

"आहे. मुतलो."

"किती?"

"दोनशे तीस."

"एवढं तर माझी गाय शिंकताना गाळते."

मार्लिसनं तोंडावर हात धरला. वेन्डलिन म्हणाला, "पायस, पाच नंबरची खुर्ची तुझी. यादीत पुढचा तूच आहेस. खिडकीजवळची आहे, सकाळची पाळी. डावा हात करकरतो तिचा, खाली टॉवेल घालत जा."

"घाई काय आहे? आठवडाभर थांब. बघू तुझी ही पोटातली नवरी काय म्हणते."

"डॉक्टरीणबाई इथंच उभ्या आहेत. तू हो म्हण."

"वेन्डलिन..."

"हो म्हण, म्हाताऱ्या. दुखतंय मला बोलताना."

"हो." आणि जरा वेळानं, बारीक आवाजात, "बरं. हो."

"आणि बुधवारी बीअर सोड. दुसरं काही सोडायचं नाही."

फोन ठेवून त्यानं बेव्हर्लीला बोलवायला सांगितलं. बेव्हर्ली रुग्णालयात हे असले कागद बघायची. किडनी चालू झालेल्या माणसानं आपली खुर्ची सोडली की ती लगेच यादीतल्या पुढच्याला जाते. ती म्हणालीसुद्धा, की सही उद्या केली तरी चालेल. वेन्डलिननं सुई टोचलेल्या हातानंच पेन धरलं आणि सही केली.

ओटिलिया भिंतीला पाठ लावून उभी होती. दोनशे तीस वजा साठ. एकशे सत्तर. केल्सीनं जाताना मार्लिसला सांगितलं असेल. पण मार्लिसनं डबीत दिसला तोच आकडा सांगितला, त्यातून काही काढलं नव्हतं. एकशे सत्तर, दोनशे नव्हेत. आकडा तिच्या जिभेवर होता आणि खोलीतले सगळे हसत होते.

मार्लिसनं बर्फ घातलेल्या पाण्याचा पेला आणला. भरलेला, काठोकाठ. चार वर्षांत वेन्डलिनच्या हातात असा पेला कुणी दिला नव्हता. घरी ओटिलिया त्याला औषधाच्या टोपणानं पाणी द्यायची. तिला तो पिताना बघवणार नाही असं वाटलं. "मी जरा कॉफी घेऊन येते," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

उपाहारगृहात तिनं कॉफी घेतली नाही. तिचा नेम होता, की जपमाळेची दहा-दहा मण्यांची पाच दशकं झाल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. लग्न झाल्यापासून तो मोडला नव्हता. बाळंतपणात नाही, सासूबाई गेल्या त्या दिवशीही नाही. तिनं कोटाच्या खिशातून माळ काढली. पहिलं दशक झालं. दुसऱ्यात ती एकाच मण्यावर थांबली आणि शब्द नुसतेच येत राहिले, जाळीतून पाणी जावं तसे. आपण काय मागतोय हे तिला कळेना. तो आकडा खरा व्हावा? साठ एमएल कुणाच्या लक्षात येऊ नयेत? मरियेजवळ हे असलं कधी मागितलं नव्हतं.

मग तिला वाटलं, थोडा वेळ. तासभर. तासभर माणसाला आनंद मिळाला तर कुणाचं काय जातं. तिनं माळ हातात धरून भिंतीवरच्या घड्याळात तासभर पाहिलं. खरंच तासभर.

ती परत आली, तेव्हा स्टँडवर सलाइनची नवी मोठी पिशवी टांगलेली होती. "लघवी उतरतेय तेवढं भरून काढायचंय," मार्लिस म्हणाली. "डॉक्टरांचा हुकूम." वेन्डलिनचा पेला टेबलावर तसाच होता. बर्फ वितळून पाणी काठाशी टेकलं होतं.

"प्यायला नाहीस?"

"नंतर," तो म्हणाला. "ओठ ओले केले."

ओटिलियानं सलाइनच्या पिशवीतून पडणारे थेंब पाहिले. पाणी कुठून का आत जाईना. हे पाणी त्याच्या फुप्फुसांत चढलं, की काय होतं ते तिनं पूर्वी एकदा घरी, स्वयंपाकघराच्या दारात, डोळ्यांनी पाहिलं होतं.

"मार्लिस," ती म्हणाली. आवाज इतका लहान निघाला, की तिला पुन्हा हाक मारावी लागली. "बाहेर येता का जरा?"

दाराबाहेर तिनं सांगितलं. गुठळी, सिरिंज, तीस आणि तीस. पोरीला हाक आली, तिचा दोष नाही. मार्लिसच्या गालांवरचं हसू विझलं. तिनं नोंदी पाहिल्या, मग केल्सीला घरी फोन लावला. पलीकडून रडण्याचा आवाज आला. मार्लिस म्हणाली, "झोप जा, बाळा. सांगितलं त्यांनी. वेळेत सांगितलं."

डॉक्टर हल्वरसन खुर्ची ओढून पलंगाशी बसल्या. उभ्या राहून ज्या गोष्टी त्यांनी सांगितल्या होत्या, त्या आता त्यांनी बसून परत घेतल्या. खरा आकडा एकशे सत्तर. गेल्या तासाची लघवी त्याहून कमी. किडनी वाया गेलेली नाही, पण झोपलीय. उद्या मशीन लागेल, आणि घरी गेल्यावरही आठवड्यातून तीनदा. किती दिवस ते आज कुणी सांगू शकत नाही. बोलता बोलता त्यांनी सलाइनचं चाक फिरवून थेंब जवळजवळ बंद केले.

"बरं झालं सांगितलंत," त्या ओटिलियाला म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत अवघड झालं असतं."

वेन्डलिननं मान हलवली. त्याचा चेहरा पडला नाही, रंगही उडाला नाही. ओटिलिया तेच पाहत होती आणि तिला ते कळत नव्हतं.

बेव्हर्ली दारातच उभी राहिली. छातीशी तोच कागद. "केंद्राला मी कळवलंय," ती म्हणाली. "पण आज पाचपर्यंत मागे घेता येतं. मी फोन करते, ते समजून घेतील. नाहीतर तुम्हाला इथं शहरात यावं लागेल, तीनदा. टाके ओले असताना पंचाऐंशी मैल..."

"नको," वेन्डलिन म्हणाला.

"मिस्टर फाइस्ट, त्यांना दुसरी खुर्ची मिळेल कधीतरी."

"कधीतरी बुधवारच्या आत येत नाही. नको, बाई. असू दे."

बेव्हर्लीनं ओटिलियाकडे पाहिलं. ओटिलियाचं लक्ष टेबलावरच्या भरलेल्या पेल्याकडे होतं.

सगळे गेल्यावर तिनं दार लोटलं आणि खुर्ची पलंगाजवळ ओढली. बाहेर ऊन पडलं होतं, बर्फावरून परतून छतावर हलणारं.

"तुला ठाऊक होतं," ती म्हणाली.

त्यानं डोळे मिटले.

"वेन्डलिन."

"ते पाणी आत गार लागलं होतं," तो म्हणाला. "दोन्ही वेळेला."

त्याच्या मनगटावरच्या पट्टीची एक कड सुटली होती, ती तिनं अंगठ्यानं दाबून बसवली आणि अंगठा तिथंच ठेवला.

"मी सांगून टाकलं," ती म्हणाली.

"तू सांगणारच होतीस. तुझ्याशी लग्न होऊन एकेचाळीस वर्षं झाली." तो हसायला गेला आणि टाक्यांनी त्याला थांबवलं. "मला फक्त तू सांगायच्या आधी सही करायची होती. तुला तासभर लागला, आभारी आहे."

"पाणी चढलं असतं तर? मेला असतास तर?"

"म्हणून तर प्यायलो नाही."

मार्लिस येऊन डबी वाचून गेली, या वेळी गुडघे टेकून.

"टिली," तो म्हणाला, "पायसला कळता कामा नये. कळलं तर त्याच दिवशी खुर्ची परत करेल. तुला माहितीय तो कसा आहे."

"मी खोटं बोलणार नाही."

"कोण सांगतंय खोटं बोल म्हणून? नुसती गप्प राहा. एवढी वर्षं राहिलीस की, माझी आई होती तोवर."

ती उठली, खिडकीशी गेली, परत आली. "बरं," ती म्हणाली. "शब्द देते. पण किडनी उठली, की मी स्वतः जाऊन त्याला सगळं सांगणार. आणि तू माझ्या शेजारी उभा राहशील."

"राहीन."

मग तिनं तो पेला उचलला, बेसिनमध्ये ओतला आणि औषधाच्या टोपणात दोन घोट घेऊन आली.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी, रविवारी, पायस दारात आला. हातात कस्टर्डचा केक, वर दालचिनी जरा जास्तच. आत येईना. बुटांना बर्फ लागलाय म्हणाला. त्याचा चेहरा भरला होता. गावच्या केंद्रात चार फेऱ्या झाल्या होत्या आणि मशीनवरून उतरून दहा मिनिटांत घरी येऊन तो झोपत होता.

"खुर्ची खरंच करकरते," तो म्हणाला. "शेजारचा म्हातारा म्हणाला, वेन्डलिन बरा होता, निदान गप्प तरी बसायचा." मग त्यानं आत मान वळवून पाहिलं. वेन्डलिन सोफ्यावर झोपला होता. "पाणी कसं चाललंय त्याचं?"

ओटिलियानं केकचं ताट दोन्ही हातांनी धरलं होतं.

"थोडं थोडं," ती म्हणाली.

"म्हाताऱ्या नळासारखं. चालायचंच." पायसनं टोपी कानांवर ओढली. "उद्या सकाळी सातला माझी पाळी. तुझ्या नवऱ्याला सांग, खिडकीतून तुमच्याकडचा रस्ता दिसतो मला."

सोमवारी सात वाजता ओटिलियानं मोटारीच्या काचेवरचा बर्फ खरवडला. तिनं माळ पहाटेच संपवली होती. पावाचे दोन तुकडे गुंडाळून घेतले होते, घोंगडी पुढच्या सीटवर पसरली होती. वेन्डलिनला तिनं काखेत धरून पायऱ्या उतरवल्या. तो बसल्यावर टाक्यांवर लहान उशी ठेवली आणि तिच्यावरून सीटचा पट्टा ओढला.

"टोचत नाही ना?"

"नाही."

फाटकाशी तिनं गाडी थांबवली. शहराचा डांबरी रस्ता उजवीकडे गावातून, केंद्राच्या खिडकीसमोरून जात होता. डावीकडे शेतांमधला खडीचा रस्ता, रात्री वाऱ्यानं बर्फ लोटलेला, अकरा मैलांनी लांब.

वेन्डलिननं तिच्याकडे पाहिलं.

ओटिलियानं चाक डावीकडे वळवलं आणि हळूहळू निघाली.